वाद्यं आपली, वही कोणाची?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका घरी चारेक वर्षांपूर्वी मला बोलावणं आलं. घर जुनं, चौकाचं. मागच्या खोलीत वाद्यांचा संग्रह. भिंतीला टेकून दोन पायपेट्या, कपाटात सनया, एक सारंगी, तंबोरे, खाली रांगेत घुमटं आणि शामेळ ही आमच्याकडची चामड्याची वाद्यं, आणि कोपऱ्यात टेबलावर प्लास्टिकच्या हिरव्या कव्हराखाली एक संगणक. मी कव्हर काढायला हात पुढे केला तर घरच्या वहिनी म्हणाल्या, "मागची ती करंगळीएवढी वस्तू तेवढी हलवू नका हां, भाऊ. ती निघाली की काहीच उघडत नाही."

ती वस्तू म्हणजे डोंगल. सॉफ्टवेअरचं कुलूप. वहिनींच्या सासऱ्यांनी ते सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं आणि पुढची आठ वर्षं रोज सकाळी चहानंतर बसून एकेका वाद्याची माहिती त्यात भरली होती. चारशे बारा नोंदी. सासरे गेले. सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा फोन लागेनासा झाला. आणि त्या चारशे बारा नोंदी बाहेर काढायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतीच. एका वेळी एक पान छापता यायचं, बस्स. आम्ही तेच केलं. छापलेलं मराठी वाचता येत होतं, पण मूळ मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात होता. तो दुसरीकडे डकवला की 'सारंगी'च्या जागी कंस, टक्के आणि रोमन अक्षरांची खिचडी यायची. शेवटी सगळं पुन्हा टंकलं. साडेतीन महिने गेले.

त्या कामात एक दिवस कपाटाच्या तळाशी कापडात बांधलेली एक लांबट वही सापडली. सासऱ्यांनीच संगणकाच्या आधी हाताने लिहिलेली. कडा वाळवीने खाल्लेल्या, काही पानांवर बुरशीचे डाग. पण उघडली तर वाचता आली. कुलूप नव्हतं, फोन करावा लागला नाही.

म्हणून मी म्हणतो, गोव्यातल्या कुठल्याही वाद्यसंग्रहाने, मग तो सरकारी असो, देवस्थानचा असो की एखाद्याच्या घरातला, आपली नोंद ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्येच करावी. पैसे वाचतात हे त्याचं खरं कारण नाही. वही आपली राहते, हे आहे.

बैठकांत हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे फुकट ना?" इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने घोळ घातलाय. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत, मुक्त आणि फुकट, तरी आपण घोळ घालतोच. मुक्त, म्हणजेच ओपन सोर्स, सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. परवान्याचे पैसे नसतात हे खरं. पण सर्व्हरचं भाडं असतं, दरवर्षी नवी आवृत्ती चढवायचं काम असतं, बॅकअप असतो, आणि सगळ्यात महाग म्हणजे माणूस असतो. वाद्य हातात घेऊन त्याची नोंद करणारा माणूस कुठलंही सॉफ्टवेअर पुरवत नाही. माझं म्हणणं एवढंच की परवान्यावरचा पैसा त्या माणसाच्या पगारात जावा. आज उलट होतं. सॉफ्टवेअर थाटात येतं, उद्घाटन होतं, फोटो निघतात, आणि माहिती भरायला दोन महिन्यांच्या करारावर एक पोरगी बसवतात जिला सनई आणि सुरत (सनईच्या साथीला नुसता सूर धरणारं वाद्य) यांतला फरक कोणी सांगितलेला नसतो.

ग्रंथालयवाल्यांना हे सगळं आपल्याआधी कळलं. कोहा हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर आज भारतभर वापरतात. ते जन्मलं न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या आडबाजूच्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयांसाठी. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडणार होती. नवीन विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून स्वतःचं बनवून घेतलं आणि जगाला देऊन टाकलं. 'कोहा' हा माओरी शब्द. अर्थ भेट, पण अशी भेट की जिच्यात परतफेडीची आठवण असते. आपल्या भाषेत सांगायचं तर आहेर. आहेर फुकट नसतो हे कोणा मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही घेता, मग कधीतरी सवडीने द्यायचं असतं. एखादी चूक कळवून, एखादा भाषांतरित शब्द देऊन, एखादी दुरुस्ती पाठवून.

पण वाद्य म्हणजे पुस्तक नव्हे. पुस्तकाला शीर्षक असतं, लेखक असतो, छापल्याचं साल असतं. घुमटाला यातलं काय असतं?

त्या संग्रहातलं एक घुमट आम्ही नोंदीसाठी घेतलं, तो दिवस मला चांगला आठवतो. मातीचं भाजलेलं मडकं, दोन तोंडांचं. मोठं तोंड कातड्याने मढवलेलं, २३ सेंटिमीटर. मागचं छोटं तोंड उघडं, ११. मोजपट्टीने मापं घेतली, गळ्याजवळची चीर टिपली, फोटो काढले. नंबर शाईने थेट मातीवर लिहायचा नाही, आधी पारदर्शक लेप द्यायचा, त्यावर लिहायचं आणि त्यावर पुन्हा लेप, म्हणजे उद्या पुसायचा झाला तर वाद्याला धक्का लागत नाही. आमचं हे चाललेलं असताना शेजारच्या वाड्यावरचे एक आजोबा दाराशी येऊन उभे होते. पन्नासेक वर्षं चतुर्थीच्या आरत्यांना घुमट वाजवलेले. थोडा वेळ बघून म्हणाले, "कातीचें कितें बरयतलो? नाद बरय मरे."

कातड्याचं काय लिहितोस, नाद लिही. बरोबर होतं त्यांचं. त्यांनी घुमट गळ्यात अडकवलं, उजव्या हाताने कातड्यावर थाप दिली आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडझाप केलं. तोच ठोका एकदा खोल, एकदा कोरडा. ज्या छोट्या तोंडाची आम्ही ११ सेंटिमीटर एवढीच नोंद केली होती, अर्धं वाद्य तिथे होतं. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मग विचारत गेलो. घडवलं कोणी? डिचोलीच्या कुंभाराकडून आणलेलं. मढवलं कोणी? ते स्वतः. कुठल्या आरत्यांना वाजलं? एका दमात सात आरत्या सांगितल्या, सगळ्या मराठी.

आता ही माहिती एक्सेलच्या तक्त्यात भरून बघा. एक वाद्य, एक ओळ. घडवणारा एक, मढवणारा दुसरा, वाजवणारे तिघे, आरत्या सात, ध्वनिफिती चार. रकाने वाढवता वाढवता तक्ता पडद्याबाहेर जातो, आणि तोच कुंभार पुढच्या नऊ घुमटांत नऊ प्रकारे लिहिला जातो. तबला-डग्गा ही एक वस्तू की दोन? डग्गा मूळचा आणि तबला नंतर बदललेला असला तर? पायपेटीचा भाता एका दुरुस्तीत बदलला, सूरपट्ट्या दुसऱ्या, तर 'निर्मितीचं वर्ष' या रकान्यात काय लिहायचं?

इथे संग्रहालयांसाठी खास बनवलेली ओपन सोर्स सॉफ्टवेअरं कामाला येतात. मी वापरतो ते कलेक्टिव्ह ॲक्सेस. त्याचे दोन भाग आहेत, नोंद करायचा तो प्रॉव्हिडन्स आणि लोकांना दाखवायचा तो पॉटकेट. (ही दोन्ही अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या शहरांची नावं. आपल्याकडे कोणी बनवलं असतं तर माशेल आणि म्हापसा झालं असतं, आणि मग त्यावरून वाद.) त्यात वस्तू वेगळी, माणूस वेगळा, गाव वेगळं, प्रसंग वेगळा, आणि त्यांच्यामध्ये नाती. कुंभाराची नोंद एकदाच होते आणि नऊ घुमटं त्याला जोडली जातात. रकाने आपण ठरवायचे. आम्ही 'मागचं तोंड' असा रकाना केला, 'मढवणारा' असा केला, 'कुठल्या आरतीला' असा केला. बंद सॉफ्टवेअरवाल्याला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, पुढच्या आवृत्तीत बघू, आणि त्याचे वेगळे पैसे.

रकाने कोण ठरवतं हा प्रश्न वाटतो त्याहून जुना आहे. १८७६ च्या सुमारास कलकत्त्याचे संगीतज्ञ सौरींद्रमोहन टागोर यांनी बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट पाठवला. १८७७ मध्ये ब्रुसेल्सला वाद्यसंग्रहालय उभं राहिलं त्याच्या मुळाशी जे संग्रह होते त्यांत हा एक. तिथले पहिले संग्रहपाल व्हिक्टर-शार्ल माहिलॉन यांनी वाद्यांचे चार वर्ग पाडले. भरताच्या नाट्यशास्त्रातले तत, सुषिर, अवनद्ध आणि घन हे चार वर्ग आपल्याला शाळेत पाठ असतात, त्यांच्याशी ही मांडणी जुळते हा योगायोग नव्हे. माहिलॉनच्या पायावर १९१४ साली होर्नबॉस्टेल आणि झाक्स यांनी आकडेवार वर्गीकरण रचलं आणि आज जगभरची संग्रहालयं तेच वापरतात. २००९ पासून युरोपातल्या संग्रहालयांनी आपल्या वाद्यांच्या नोंदी मिमो नावाच्या एका सामाईक सूचीत आणल्या, त्यासाठी हे वर्गीकरण सुधारून घेतलं, वाद्यांच्या नावांचा अनेक भाषांतला कोशही केला. संस्था वेगळ्या, सॉफ्टवेअरं वेगळी, पण प्रत्येकाला आपला डेटा ठरलेल्या साच्यात बाहेर काढून देता आला म्हणून ते जमलं. डोंगलमागे बसून जमलं नसतं.

आपण मात्र आपलेच चार वर्ग दुसऱ्याच्या आकड्यांत परत आले की मान डोलावतो. ते वर्गीकरण जरूर वापरावं, नाहीतर बाहेरच्या अभ्यासकाला आपलं काही सापडणार नाही. पण शेजारी आपला रकानाही हवा. चामड्याचं वाद्य म्हटलं की घुमट, शामेळ, नगारा आणि म्हादळें एका खणात बसतात. चतुर्थीला घरात वाजतं ते कुठलं आणि देवळाच्या चौघड्यात वाजतं ते कुठलं, हे त्या खणाला कळत नाही.

आता नावांचं. गोव्यात हा खरा डोंगर आहे.

मराठी वाचकाने 'घुमट' शोधलं की आधी देवळाचा घुमट पुढे येतो. बोलताना अडचण नसते, देवळाचा तो घुमट आणि आरतीचं ते घुमट, लिंगावरूनच कळतं. संगणकाला लिंग कळत नाही. त्यात एकाच वाद्याचं नाव देवनागरी कोकणीत एक, रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत दुसरं, पोर्तुगीज अमदानीच्या कागदांत तिसरं, आणि १९६१ नंतरच्या इंग्रजी फायलींत कारकुनाच्या लहरीप्रमाणे. गाणं मराठी, वाद्याच्या भागांची नावं कोकणी, देणगीची पावती पोर्तुगीज, हे एकाच वस्तूबाबत होतं. चर्चच्या शाळांत मेस्तांनी, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या मास्तरांनी, शिकवलेल्या व्हायोलिनची कथा आणखी निराळी. अशा ठिकाणी 'नाव' हा एकच रकाना देणारं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे चार भाषांच्या घरात एकच दार ठेवणं. प्रत्येक नावाला भाषा आणि लिपी जोडता आली पाहिजे, आणि कुठल्याही नावाने शोधलं तरी तीच नोंद यायला हवी.

साधी वाटणारी गोष्ट सांगतो. 'नगाऱ्याची' हा शब्द एकाने एका पद्धतीने टंकला आणि दुसऱ्याने दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतं, त्यामुळे शोधात अर्ध्या नोंदी गायब. आज्ञावली उघडी होती म्हणून एका कॉलेजच्या मुलाने दुपारभर बसून दोन्ही रूपं एकच धरणारी चार ओळींची भर घातली. हे मराठीचं दुखणं आहे. ते आपल्याशिवाय कोण, कशाला बरं करील?

नोंद अर्धवट राहिली की काय होतं याचं मोठं उदाहरण आकाशात फिरतंय. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली तिच्यात आमच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. आपण अभिमानाने सांगतो. नासाने दिलेली तबकडीची यादी पाहा. तिथे नोंद अशी: भारत, राग, 'जात कहाँ हो', गायिका सूरश्री. पदवीचंच नाव झालं. आडनाव नाही, राग कोणता तेही नाही. अब्जावधी मैल गेलेल्या गाण्याची नोंद करणाऱ्यांचीही ही तऱ्हा, तर आपल्या माळ्यावरच्या टेपवर नुसतं 'मांगेशी, रात्र' लिहिलेलं असतं याचं नवल काय.

विरोधकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. सगळ्यात वजनदार आक्षेप असा की बिघडलं तर धरायचं कोणाला? कंपनी असली की करार असतो, दम देता येतो. यात तथ्य आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवून एखादा उत्साही पोरगा बंगळूरला नोकरीला गेला, दोन वर्षं कोणी आवृत्ती बदलली नाही आणि सर्व्हरवर कोणीतरी घुसलं, असं घडतं. म्हणून देखभालीचा करार ओपन सोर्सलाही करावा, पैसे देऊनच करावा. फरक असा की देखभाल करणारा आवडला नाही तर दुसरा आणता येतो. वहिनींच्या सासऱ्यांना ती सोय नव्हती. करार त्यांच्याकडेही होता. दम द्यायला समोर कोणी उरलंच नाही.

दुसरा आक्षेप देवस्थानांचा, आणि तो मला जास्त पटतो. एका कमिटीच्या बैठकीत खजिनदार म्हणाले, "मास्तर, ओपन म्हणता, म्हणजे आमची चांदीची शिंगं कुठल्या कपाटात आहेत ते जगाला दाखवायचं?" नाही. सॉफ्टवेअर उघडं असणं आणि माहिती उघडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठला रकाना लोकांना दिसावा आणि कुठला फक्त नोंद करणाऱ्याला, हे रकान्यागणिक ठरवता येतं. जागा, किंमत, देणगीदाराचा पत्ता आत ठेवायचा. जुन्या घुमटांच्या बाबतीत तर हा कायद्याचाही मामला आहे. पूर्वी घुमट घोरपडीच्या कातड्याने मढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपडीला सगळ्यात कडक संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं कातडं वापरतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पण माळ्यावर आजोबांचं जुनं घुमट असलेला माणूस ते दाखवायला कचरतो, आणि त्यात त्याची चूक नाही. वनखात्याने आणि कला-संस्कृती खात्याने एकत्र बसून जुन्या वाद्यांच्या नोंदीची निर्धास्त वाट काढून दिली नाही, तर वारसा वाद्याची सगळ्यात जुनी उदाहरणं कुठल्याच सूचीत येणार नाहीत.

तिसरा आक्षेप असा की केंद्र सरकारने पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेकडून 'जतन' हे संग्रहालयांचं सॉफ्टवेअर बनवून घेतलंय, वेगळं कशाला? मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांसाठी ते आहे आणि असावं. पण फोंड्याच्या घरातल्या चारशे वाद्यांना उद्या सकाळी जे बसवता येईल आणि आपल्या गरजेने वाकवता येईल ते हवं. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पहिल्या दिवशी एकच परीक्षा करा. दहा नोंदी भरा, फोटो जोडा, मग कोणालाही फोन न करता त्या सगळ्या साध्या फाइलीत बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा म्हणावं. जमलं नाही तर तिथेच नमस्कार.

केंद्राचं २०१५ चं धोरण सरकारी कामांत ओपन सोर्सला पसंती द्या, वगळायचं तर कारण द्या, असं सांगतं. कागदावर तेवढं पुरेसं आहे. गोवा सरकारने वाद्यसंग्रहांना अनुदान देताना एक अट घालावी: वर्षातून एकदा सगळ्या नोंदी, फोटो आणि ध्वनिफिती साध्या, कोणालाही उघडता येणाऱ्या स्वरूपात राज्याच्या पुराभिलेखागारात जमा करायच्या. लोकांना दाखवायच्या की नाहीत ते मालकाने ठरवावं, पण प्रत तिथे असावी. आपल्या हवेत एका ठिकाणी ठेवलेलं काही टिकत नाही. कागदाला वाळवी लागते, हार्ड डिस्कला दमट हवा बाधते.

वहिनींच्या घरची सूची आता पूर्ण झालीय. चारशे बारापैकी सत्तरएक वाद्यांपुढे 'वादक' हा रकाना रिकामा आहे आणि तो तसाच ठेवलाय, 'अज्ञात' लिहिलं की कोणी पुन्हा विचारायला जात नाही. हाताने लिहिलेल्या वहीची पानंही स्कॅन करून त्या त्या नोंदीला जोडली. डोंगल वहिनींनी देवघरात ठेवलीय, सासऱ्यांची वस्तू म्हणून.

पुढचं काम वाड्यावरच्या घरांतलं. चतुर्थीच्या आधी घुमटं माळ्यावरून खाली येतात, उन्हात तापवतात, सुटलेलं कातडं ताणतात, आणि कुठल्या मडक्याचा आवाज बसलाय यावर घरातले म्हातारे भांडतात. कुणाच्या घरचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच. विसर्जन झालं की घुमटं पुन्हा वर जातात. आजोबांनी सांगून ठेवलंय, यंदा गणपतीच्या आदल्या दिवशीच ये, रेकॉर्डर घेऊन, आणि ती मोजपट्टी नको आणूस.